आधी कागद, मग दवाखाना: आपल्यातले माजूर उपचारापर्यंत का पोहोचत नाहीत?

राष्ट्रीय नमुना पाहणीने २०१८ साली जुलै ते डिसेंबर या काळात देशभरातल्या अपंग व्यक्तींची माहिती गोळा केली. त्यातला एक आकडा आपण सगळ्यांनी लक्षात ठेवावा असा आहे. अपंगत्वाचे प्रमाणपत्र हातात असलेली माणसे होती फक्त २८.८ टक्के. म्हणजे शंभरातल्या एकाहत्तर जणांकडे तो कागदच नाही. आणि ७६.४ टक्के लोकांना ना सरकारची मदत मिळत होती, ना कुठल्या संस्थेची.

हा कागद म्हणजे नुसता कागद नाही. व्हीलचेअर, कानाचे मशीन, एसटीची ७५ टक्के सवलत, संजय गांधी निराधार योजनेचे पैसे, निरामय विमा, या सगळ्याचे कुलूप त्याच एका किल्लीने उघडते. म्हणून दवाखाना कुठे आहे याआधी हा कागद का निघत नाही, ते समजून घ्यायला हवे. सरकारी भाषेत आता 'दिव्यांग' म्हणतात, कायद्याच्या मराठीत बरीच वर्षे 'अपंग' होते, आणि आपल्या घराघरात 'माजूर' म्हणतात. आम्ही इथे तिन्ही शब्द वापरणार आहोत, कारण ज्याच्यावर वेळ आली आहे त्याला शब्दापेक्षा काम झालेले हवे असते.

अपंग माणूस गरीब असेल तर त्रास दुप्पट होतो हे सगळ्यांना कळते. पण तो अल्पसंख्याक समाजातला असेल, त्याची घरची भाषा वेगळी असेल, त्याचे नाव सरकारी फॉर्मच्या रकान्यात नीट बसत नसेल, तर? संयुक्त राष्ट्रांनी १३ डिसेंबर २००६ रोजी अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार स्वीकारला. भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी त्याला मान्यता दिली. त्या कराराच्या प्रास्ताविकातच लिहिले आहे की वंश, वर्ण, भाषा, धर्म अशा कारणांनी ज्यांच्याशी आधीच भेदभाव होतो, त्या अपंगांची स्थिती अधिक बिकट असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या अहवालात सांगितले की जगात १३० कोटी लोक अपंगत्वासह जगतात आणि त्यांच्यातले काही इतरांपेक्षा वीस वर्षे आधी मरतात. अमेरिकेतले काळे अपंग, युरोपातले स्थलांतरित अपंग यांच्याबद्दल खूप लिहिले जाते. आपण कन्नड तालुक्याबद्दल बोलू.

कायदा काय म्हणतो

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. आधीच्या १९९५ च्या कायद्यात ७ प्रकार होते, आता २१ आहेत. डोळे, कान, हातपाय तर आहेतच. शिवाय स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मानसिक आजार, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, ॲसिड हल्ल्याने आलेले अपंगत्वसुद्धा आहे. आपल्यातल्या बऱ्याच जणांना अजून माहीतच नाही की थॅलेसेमियाचे लेकरू या कायद्यात येते.

या कायद्याचे २५ वे कलम आरोग्याबद्दल आहे. त्यात तीन गोष्टी आहेत. ग्रामीण भागात, घराजवळ, उत्पन्नाची मर्यादा पाहून मोफत उपचार. सरकारीच नव्हे तर खासगी दवाखान्यातही सगळीकडे अडथळ्याविना जाता येण्याची सोय. आणि तपासणीत व उपचारात प्राधान्य. म्हणजे रांगेत पुढे घ्या असे म्हणणे ही मेहरबानी मागणे नाही. घराजवळ म्हणजे किती जवळ, हे मात्र कलमात लिहिलेले नाही.

साठ किलोमीटरचे गणित

कन्नडहून औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, साधारण साठ किलोमीटर. प्रमाणपत्रासाठी लागणारे तज्ज्ञ डॉक्टर आणि मोठ्या तपासण्या शहरात, म्हणजे घाटीत किंवा चिकलठाण्याच्या जिल्हा रुग्णालयात. पिशोर किंवा चिंचोली लिंबाजीकडच्या माणसाला त्याआधी अजून एक गाडी धरावी लागते.

आता हिशेब करा. ज्याला चालता येत नाही त्याच्यासोबत एक माणूस हवा. तो माणूस बहुतेक घरातला कमावता असतो. गॅरेजवर, भट्टीवर, फळाच्या गाड्यावर, नाहीतर सेंटरिंगच्या कामावर जाणारा. त्याचा एक दिवस गेला म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. बाईमाणूस असेल तर एसटीत १७ मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, तेवढा दिलासा. पण प्रमाणपत्राचे काम एका चकरेत होत नाही. तपासणीचे वार ठरलेले असतात. हाडाचे डॉक्टर एका वारी, कानाचे दुसऱ्या वारी. कानाची विशेष तपासणी असेल तर तिची तारीख पुढची मिळते. तीन-चार चकरा झाल्या की घरात कोणीतरी म्हणतेच, "जाने दो, क्या मिलनेवाला है."

हे 'जाने दो' आळसातून आलेले नसते. त्यामागे हा हिशेब असतो. म्हणून सांगतो, शहरात जाण्याआधी त्या विभागाचा वार आणि वेळ फोनवर किंवा आशाताईकडून विचारून घ्या. अर्ज आधी स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन भरावा लागतो, त्याची पावती सोबत ठेवा. २०२४ मध्ये नियम बदलले, त्यानुसार अर्जावर निर्णय द्यायला आता तीन महिन्यांची मुदत आहे. आधी ती एक महिना होती. कार्डचे रंगही ठरले आहेत: ४० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर पांढरे, ४० ते ८० च्या मधले पिवळे, ८० आणि वर निळे. बहुतेक योजनांना किमान ४० टक्के लागतात. टक्केवारी चुकीची लावली असे वाटले तर कलम ५९ खाली अपील करता येते. हे कुणी सांगत नाही, म्हणून आम्ही सांगतो.

नावाचा घोळ

आता तो मुद्दा, ज्यावर आपल्या समाजाची सगळ्यात जास्त कामे अडतात आणि ज्यावर सगळ्यात कमी लिहिले जाते.

मराठवाड्यात आपली नावे कशी असतात? समजा एक शेख सलीम शेख बाबू. यात 'शेख' दोनदा येते, एकदा मुलाचे, एकदा वडिलांचे. सरकारी फॉर्मला तीन रकाने असतात: स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव. एका कारकुनाने लिहिले 'सलीम बाबू शेख'. दुसऱ्याने 'शेख सलीम'. रेशन कार्डावर 'शे. सलीम शे. बाबू'. आधारवर इंग्रजीत कधी पूर्ण शेख, कधी नुसती दोन अक्षरे, एस-के. बाईचे नाव तर आणखी फिरते. माहेरी शेख शबाना शेख रशीद, लग्नानंतर जुन्या कागदांवर 'शबानाबी भ्र. शेख सलीम', आधारवर 'शबाना सलीम शेख', बँकेत 'शबाना बेगम'. बाई एकच, कागदावर चार.

माणसाला माणूस ओळखतो, पण पोर्टल अक्षरे जुळवते. अपंगत्वाच्या कार्डावरचे नाव आधारप्रमाणे येते. ते रेशन कार्डाशी जुळले नाही तर दवाखान्यातल्या योजनेत अडते. बँक खात्याशी जुळले नाही तर निराधारचे पैसे अडतात. मग माणूस एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर. पायाने अधू माणसाला "वरच्या मजल्यावर जाऊन विचारा" असे सांगितले जाते, तेव्हा कलम २५ कुठे असते देव जाणे.

यावर उपाय कंटाळवाणा आहे पण आहे. घरातल्या माजूर व्यक्तीचे आधार, रेशन कार्ड, शाळेचा दाखला, बँक पासबुक एका ओळीत मांडा आणि नाव अक्षर-अक्षर ताडून बघा. कोणते नाव कायम ठेवायचे ते घरात बसून ठरवा. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते आणि जन्मतारीख एकदाच, त्यामुळे घाईत सेंटरवाला म्हणेल तसे करू नका. मोठा बदल असेल तर राजपत्रात नाव प्रसिद्ध करून घ्यावे लागते. लहान लेकरू असेल तर शाळेत नाव घालतानाच आधार आणि जन्मदाखला समोर ठेवून नाव लिहून घ्या. आम्हा शिक्षकांना जूनमध्ये घाई असते हे खरे, पण पालकाने "सर, एकदा वाचून दाखवा" म्हटले तर कुणी नाही म्हणत नाही. जन्मनोंदणी राहिली असेल तर ती आणखी लांबवू नका. उशिराच्या जन्मनोंदणीचे नियम राज्यात २०२५ पासून खूप कडक झाले आहेत आणि संशयाची सुई कुणाकडे वळते हे वाचकांना सांगायला नको.

भाषेचा प्रश्न

पाय वाकडा आहे हे कोणत्याही भाषेत दिसते. पण मूल बोलत नाही, समजत नाही, शिकत नाही, हे तपासायला भाषा लागते. आपल्या मोहल्ल्यात घरी दखनी उर्दू बोलतात. 'हौ', 'नक्को', 'कैकू' ऐकत मोठे झालेले चार वर्षांचे लेकरू समोर बसते आणि तपासणारे मराठीत विचारतात, "याचा उपयोग काय?" लेकराला चमचा माहीत आहे, जेवण माहीत आहे, 'उपयोग' माहीत नाही. ते गप्प बसते. गप्प बसणे कागदावर उतरते.

आमच्यासारख्यांनी बीएडला बिने-कामत बुद्धिमापन चाचणी वाचलेली असते. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडला ती मराठी आणि कन्नड भाषा बोलणाऱ्या मुलांवर प्रमाणित केली होती. मोठेच काम होते ते. पण चाचणी ज्या भाषेत बेतली जाते त्या भाषेबाहेरच्या मुलाला ती लावताना सांभाळावे लागते, हेही त्याच अभ्यासक्रमात शिकवतात. आपल्या मुलांच्या बाबतीत याचे दोन्ही परिणाम होतात. ज्याला खरी अडचण नाही ते मूल 'मंद' ठरते. आणि ज्याला खरी अडचण आहे त्याच्याबद्दल "उर्दूवाला आहे, मराठी येत नाही म्हणून बोलत नसेल" असे म्हणून सोडून दिले जाते.

दुसऱ्या प्रकारचा एक मुलगा आम्ही पाहिला आहे. तिसरीपर्यंत तो मागच्या बाकावर, शांत, वहीत चित्रे काढणारा. घरच्यांना वाटायचे शर्मीला आहे. आधीच्या एका शाळेत लिहिले होते, 'लक्ष देत नाही'. पुढे कानाची तपासणी झाली तेव्हा कळले की दोन्ही कानांनी त्याला फारच कमी ऐकू येते. मशीन लागल्यावर तो बोलायला लागला, पण आठव्या-नवव्या वर्षी. भाषा शिकण्याची पहिली वर्षे निघून गेली होती, ती कुणी परत आणू शकत नाही.

म्हणून तपासणीला जाताना घरची भाषा कोणती ते आधी सांगा आणि प्रश्न उर्दू-हिंदीत विचारायची विनंती करा. बहुतेक डॉक्टरांना हिंदी येते, सांगितले की ते बदलतात. आई सोबत असेल तर उत्तम, कारण लेकरू घरी काय बोलते ते तिलाच ठाऊक. आईला मराठी कमी येत असेल तर मोहल्ल्यातली शिकलेली मुलगी सोबत न्या. अकरावी-बारावीच्या आपल्या मुली हे काम फार चांगले करतात, आम्ही बघितले आहे. श्रवण आणि वाचा या विषयातली देशाची मोठी संस्था मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून आहे आणि तिला नाव आहे अली यावर जंग यांचे. ते हैदराबादचे, अलिगढचे कुलगुरू राहिलेले, पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल.

वय निघून जाते

काही उपचारांना वय असते. जन्मतः पाऊल आत वळलेले असेल तर पहिल्या काही आठवड्यांत दर आठवड्याला प्लास्टर बदलत ते सरळ करता येते, नंतर काही वर्षे विशेष बूट वापरायचे. मोठे ऑपरेशन बहुतेक वेळा टळते. जन्मतः ऐकू न येणाऱ्या बाळासाठी कॉक्लियर इम्प्लांट लाखोंचे असते, ते सरकारी योजनेत होते, पण साधारण पाच वर्षांच्या आत. "बडा होके ठीक हो जाएगा" या वाक्याने किती मुलांचे वय खाल्ले असेल.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच महाराष्ट्रात, पालघरला सुरू झाला. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळेत एकदा येते, जन्मापासून १८ वर्षांपर्यंत तपासते, पुढचा उपचार मोफत. पण जे लेकरू अंगणवाडीत नाव नसलेले, शाळेत न घातलेले, त्याच्यापर्यंत ते पथक पोहोचणार कसे? आणि गंमत अशी की माजूर आहे म्हणूनच बहुतेकदा त्याला शाळेत घातलेले नसते. मदरशात शिकणारी मुलेही या तपासणीत यावीत, असे जिम्मेदार लोकांनी आरोग्य विभागाला लेखी सांगावे.

लसीबद्दलही दोन शब्द. गरोदर बाईला सुरुवातीच्या महिन्यांत रुबेला झाला तर बाळ बहिरे, मोतीबिंदूचे, हृदयात दोष असलेले जन्मू शकते. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्यात गोवर-रुबेला मोहीम झाली तेव्हा व्हॉट्सॲपवर काय काय फिरले ते आठवा. २०२२ च्या शेवटी गोवरची साथ आली ती गोवंडी, मालेगाव, भिवंडीत. आपल्याच वस्त्यांत.

दवा आणि दुआ

मानसिक आजारसुद्धा अपंगत्वात येतो हे घरात कुणी मान्य करत नाही. शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यात सैलानीला किती लोक आजारी माणसाला घेऊन जातात, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. फक्त आपलेच नाही, सगळ्या धर्मांचे. श्रद्धेवर आम्ही बोलणार नाही. पण ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूत एरवाडी दर्ग्याजवळच्या एका खासगी मनोरुग्ण गृहाला आग लागली आणि साखळदंडाने बांधलेली २८ माणसे जळून मेली, हे विसरू नये. मानसिक आरोग्य कायदा २०१७ नुसार कोणत्याही मनोरुग्णाला साखळीने बांधणे बेकायदेशीर आहे, घरी असो की दर्ग्यावर. गुजरातेत उनावाच्या मीरा दातार दर्ग्यावर 'दवा-दुआ' नावाने डॉक्टर आणि मुजावर एकत्र काम करतात. दुआ पण चालू, गोळी पण चालू. घाटीत मानसोपचार विभाग आहे, आणि १४४१६ या मोफत नंबरवर घरबसल्या बोलता येते.

आपण काय करतो, काय करत नाही

रमजानमध्ये जकात निघते. व्हीलचेअर वाटप होते, फोटो येतात. वाईट काही नाही त्यात. पण मापाची नसलेली व्हीलचेअर महिनाभरात कोपऱ्यात पडते, कारण ती गल्लीतून निघत नाही, आणि निघाली तर मस्जिदीच्या पायऱ्यांपाशी थांबते. हजरत अब्दुल्लाह इब्न उम्मे मकतूम (रजि.) अंध होते. ते अजान देत, आणि प्रेषित मुहम्मद (सल्ल.) मदिन्याबाहेर जात तेव्हा अनेकदा मदिन्याची जबाबदारी त्यांच्यावर सोपवून जात. कुरआनची ८० वी सूरह 'अबस' त्यांच्याच प्रसंगावर उतरली. खुतब्यात हे आपण ऐकतो. मग वुजूखान्यात एक बसायची उंच जागा आणि दारात उतार करायला किती खर्च येतो? एका जलशाच्या मंडपाइतकासुद्धा नाही.

फकीर आणि मिसकीन हे जकातीचे पहिले दोन हकदार. गरीब माजूर त्यातच येतो. त्याच्या उपचाराचे गाडीभाडे आणि सोबत जाणाऱ्याची बुडालेली मजुरी जकातीतून देता येईल का, हा मसला आपल्या आलिमांना विचारून घ्यावा. आमच्या समजुतीप्रमाणे व्हीलचेअरपेक्षा चार चकरांचे भाडे आणि सोबत एक समजदार माणूस यांची गरज जास्त आहे. जुम्याच्या नमाजनंतर एक घोषणा करा: कुणाच्या घरी माजूर व्यक्ती आहे आणि प्रमाणपत्र नाही, त्यांनी नाव द्यावे. दहा नावे जमली तर एक जीप करा, ज्या वारी तपासणी असेल त्या वारी सगळ्यांना एकदम न्या.

प्रमाणपत्र निघाल्यावर काय? निराधार योजनेत दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून महिना २,५०० रुपये आहेत. वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत लागते, अर्ज तहसीलमध्ये. दवाखान्यात भरती व्हायची वेळ आली तर महात्मा फुले जनआरोग्य योजना आता कोणत्याही रंगाच्या रेशन कार्डावर चालते, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत, योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो त्याला भेटा. पण रोजच्या थेरपीला ती उपयोगी नाही. स्वमग्न, मेंदूचा पक्षाघात असलेल्या, बौद्धिक अक्षम आणि बहुविकलांग व्यक्तींसाठी राष्ट्रीय न्यासाचा निरामय विमा आहे, वर्षाला एक लाखापर्यंत. त्यात बाह्यरुग्ण तपासणी आणि थेरपीही येते, आणि त्यासाठी आधी वैद्यकीय तपासणीची अट नाही.

आणखी एक पैसा आहे जो कुणी मागत नाही म्हणून तसाच राहतो. प्रत्येक ग्रामपंचायतीने आणि नगरपरिषदेने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. कन्नड नगरपरिषदेनेसुद्धा. यादीत आपल्या मोहल्ल्यातल्या माजूरांची नावे आहेत का, गेल्या वर्षी किती खर्च झाला आणि कशावर, हे माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचे तिकीट लावून विचारता येते. अर्ज मराठीत एका पानाचा असतो. लिहायला कुणी नसेल तर शाळेत या, आम्ही लिहून देऊ.